सीपीयू आत, टेबल बाहेर: मॉनिटर आणि यूएसबीच्या केबल लांबवताना

मीटिंग चालू असताना सीपीयूची घरघर माइकमध्ये शिरते. एप्रिल-मेमध्ये तो पायाशी गरम वारा सोडतो. टेबल रस्त्याकडच्या खिडकीशी असेल तर महिन्याभरात आतल्या पंख्यांवर धुळीचा थर बसतो. मग सीपीयू पलीकडच्या खोलीत किंवा पॅसेजमधल्या रॅकवर ठेवावा आणि टेबलावर फक्त मॉनिटर, कीबोर्ड, माउस, वेबकॅम असावा, असं वाटू लागतं. ही मांडणी वन-बीएचकेतही छान जमते. ती फसते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: आहे त्या केबलला दुसरी जोडली जाते, दुसरीला तिसरी. प्रत्येक जोडापाशी सिग्नल थोडा गळतो, थोडा मागे परततो, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत जोडाच्या पिना काळवंडतात. म्हणून सुरुवातीलाच ठरवून टाका: मॉनिटरसाठी टोकापासून टोकापर्यंत एकच अखंड केबल, आणि यूएसबीसाठी एकच मुख्य केबल, जिच्या टेबलाकडच्या टोकाला हब, म्हणजे एका यूएसबी पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा.

सीपीयू बंद कपाटात कोंडू नका. मागे आणि वर निदान वीतभर मोकळी जागा आणि हवा बाहेर पडायला वाट हवीच.

आधी सुतळी, मग दुकान

टेप सरळ रेषेत धरून माप घेतलं की हमखास कमी भरतं. सुतळी घ्या आणि केबल ज्या वाटेने जाणार त्याच वाटेने ती फिरवा: सीपीयूच्या मागच्या पोर्टपासून खाली, कडेने, दाराच्या चौकटीवरून किंवा भिंतीतल्या भोकातून, टेबलाच्या मागच्या पायावरून वर, मॉनिटरच्या पोर्टपर्यंत. दाराच्या चौकटीवरून जायचं असेल तर नुसत्या चढउतारातच सव्वाचार मीटरच्या आसपास जातात, कारण दार सात फुटांचं असतं. सुतळीच्या लांबीत दोन्ही टोकांना तीस-तीस सेंटिमीटर धरा. टेबल वरखाली होणारं असेल तर ते जितकं वर जातं तितकी लांबी आणखी. मॉनिटर हलणाऱ्या स्टँडवर, म्हणजे ‘मॉनिटर आर्म’वर बसवलेला असेल तर तो आर्म पूर्ण ताणून मोजा.

आलेल्या आकड्याच्या पुढचं तयार माप घ्या, दुप्पट नाही. सुतळी ४.२ मीटर भरली तर ५ मीटरची केबल. उगाच १० मीटरची घेऊन टेबलामागे वेटोळं करून ठेवलं तर ते जास्तीचे पाच मीटर सिग्नलला विनाकारण पार करावे लागतात.

मॉनिटरची केबल

किती लांब चालेल हे केबलच्या जाडीइतकंच तिच्यातून काय जाणार यावर ठरतं. एचडीएमआयवर १०८०पी, ६० हर्ट्झ चित्राला (१९२० बाय १०८० ठिपके, सेकंदाला ६० वेळा) सेकंदाला साधारण ४.५ गिगाबिट लागतात. १४४०पी, ६० हर्ट्झला सव्वासातच्या आसपास. फोर-के, ६० हर्ट्झला १७.८, म्हणजे १०८०पीच्या चौपट. तांब्याच्या तारेत वारंवारता जितकी वाढते तितका सिग्नल लवकर मरतो. त्यामुळे जी १० मीटरची केबल जुन्या १०८०पी मॉनिटरवर वर्षभर निर्वेध चालली, तीच नव्या फोर-के मॉनिटरवर काळा पडदा दाखवते. केबल खराब झालेली नसते, तिच्यावरचं ओझं चौपट झालेलं असतं.

साध्या तांब्याच्या केबलसाठी हे हिशेब धरून चाला. १०८०पी, ६० हर्ट्झला चांगल्या जाड केबलवर १० मीटरपर्यंत जाता येतं. १४४०पीला ५ मीटरवर थांबा. फोर-के, ६० हर्ट्झला ३ मीटर बिनधास्त आणि ५ मीटर फक्त प्रमाणित केबलवर. त्याच्या पुढे ऑप्टिकल एचडीएमआय, म्हणजे जिच्यात सिग्नल तांब्याऐवजी काचेच्या तंतूतून प्रकाशाने जातो ती केबल. डिस्प्लेपोर्ट, म्हणजे मॉनिटरच्या जोडणीचा दुसरा प्रकार, याहून हळवा आहे: २ मीटर बहुतेक मॉनिटरना चालतो, ३ मीटरची चांगली केबल फोर-के, ६० हर्ट्झला पुरते, त्यापुढे तिथेही ऑप्टिकलच.

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत केबल घ्यायला गेलात तर “फोर-के केबल आहे का?” एवढंच विचारू नका. उत्तर हो येईल आणि ते खोटंही नसेल, कारण ३० हर्ट्झवर फोर-के जुन्या १०.२ गिगाबिटच्या केबलवरही चालतं. पण ३० हर्ट्झवर माउसचा बाण ओढल्यासारखा सरकतो आणि दिवसभर काम करणाऱ्याचे डोळे शिणतात. असं विचारा: “दादा, अठरा जीबीपीएसची, प्रीमियम हाय स्पीड लेबल असलेली, पाच मीटर.” खऱ्या प्रमाणित केबलच्या खोक्यावर स्कॅन करता येणारं लेबल असतं. ते एचडीएमआयच्या अधिकृत अ‍ॅपवर काउंटरवरच तपासता येतं. ४८ गिगाबिटची अल्ट्रा हाय स्पीड केबल मिळाली तर आणखी चांगलं, पण तांब्यात ती ३ मीटरच्या पुढे क्वचितच भरवशाची असते.

ऑप्टिकल एचडीएमआय केबल बारीक, हलकी आणि २०-३० मीटरलाही सहज पुरणारी असते. तिची तीन पथ्यं आहेत. एक, तिला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’ लिहिलेलं असतं, ते सीपीयूकडे; दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’, ते मॉनिटरकडे. उलटी लावली तर काहीच दिसत नाही आणि केबल मेलेली वाटते. भिंतीतून ओढण्याआधी दिशा पाहा, कारण नंतर कळलं तर सगळं परत उपसावं लागतं. दोन, ती कापून जोडता येत नाही. तीन, ती बोटाभोवती गुंडाळावी इतकी वाकवू नका. कोपऱ्यावर निदान चहाच्या कपाच्या तोंडाएवढा गोल ठेवा, काटकोनात दाबलेली काच आतून तुटते. तिच्या टोकांतल्या चिपा एचडीएमआय पोर्टच्या ५ व्होल्टवर चालतात. त्या पोर्टकडून फक्त ५५ मिलिअँपिअरचीच हमी असते, त्यामुळे अशा केबलला मधे अडॅप्टर जोडला की काही लॅपटॉपवर ती अडखळते.

अडॅप्टर लावायचाच असेल, समजा सीपीयूला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय, तर तो सीपीयूच्या बाजूला लावा आणि लांब केबल एचडीएमआयची घ्या. साधा स्वस्त अडॅप्टर एकाच दिशेने चालतो: डिस्प्लेपोर्टच्या सीपीयूकडून एचडीएमआयच्या मॉनिटरकडे. उलट दिशेसाठी वेगळा, वीज लागणारा कन्व्हर्टर येतो. फोर-के, ६० हर्ट्झसाठी ‘अ‍ॅक्टिव्ह’ लिहिलेलाच, म्हणजे आत सिग्नल बदलणारी चिप असलेला घ्या.

कॅट-६ वायरवरून, म्हणजे नेटवर्कच्या वायरवरून, एचडीएमआय नेणारे डबेही मिळतात. १०८०पीला एका वायरवर ५० मीटरपर्यंत ते ठीक काम करतात. मात्र वायर अस्सल तांब्याची आणि अखंड हवी. यातले बहुतेक डबे नेटवर्क स्विचमधून जात नाहीत, एका डब्यापासून दुसऱ्यापर्यंत थेट वायर लागते. घरातल्या आठ-दहा मीटरसाठी त्यांच्या वाटेला जाऊ नये. दोन डबे, दोन चार्जर आणि बिघडायच्या चार जागा वाढतात.

यूएसबी: इथे वीजही वाहते

मॉनिटरच्या केबलमध्ये फक्त सिग्नलची काळजी असते, यूएसबीमध्ये ५ व्होल्टचीही. यूएसबी २.० साठी एका केबलची मर्यादा ५ मीटर. ३.० साठी व्यवहारात ३ मीटर, आणि १० गिगाबिटच्या पोर्टसाठी १ मीटर. कीबोर्ड आणि माउस सेकंदाला दीड ते बारा मेगाबिटवर बोलतात, त्यामुळे ते स्वस्त वायरवरही तग धरतात आणि आपण समजतो की वायर चांगली आहे. त्याच वायरवर वेबकॅम लावला की खरं काय ते कळतं.

केबलच्या अंगावर बारीक अक्षरांत जे छापलेलं असतं ते उजेडात धरून वाचा. चांगल्या केबलवर ‘२८ एडब्ल्यूजी / १पी + २४ एडब्ल्यूजी / २सी’ असं काहीतरी असतं. याचा अर्थ: डेटाची एक जोडी २८ गेजची, आणि विजेच्या दोन तारा २४ गेजच्या. गेजचा आकडा लहान म्हणजे तार जाड. जिच्यावर सगळ्याच तारा २८ च्या असतील तिचा हिशेब करून पाहा. २८ गेज तांब्याचा रोध मीटरला ०.२१३ ओहम. ५ मीटरची केबल म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तार, रोध २.१३ ओहम. उपकरणाने ५०० मिलिअँपिअर ओढले की १ व्होल्टहून जास्त वाटेतच संपतो आणि पलीकडे ३.९ उरतो. ४.४ च्या खाली गेलं की वेबकॅम, बाहेरची हार्ड डिस्क, साउंड कार्ड मधूनच डिस्कनेक्ट होऊ लागतात. तेच २४ गेजवर वाटेत ०.४२ व्होल्ट जातो आणि ४.५८ पोचतो. कशीबशी गाडी निघते. आणि अंगावर काहीच छापलेलं नाही, उचलली तर नको तितकी हलकी लागते, अशी केबल बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असते. तिच्यात हीच घट दीडपटीहून जास्त.

म्हणून वीज लांबून आणूच नका, टेबलाजवळच द्या. स्वतःचा चार्जर असलेला हब घ्या, ५ व्होल्ट आणि निदान २ अँपिअरचा, आणि सीपीयूकडून त्याच्यापर्यंत एकच केबल आणा. ५ मीटरच्या आत असाल आणि टेबलावर कीबोर्ड, माउस, वेबकॅम, हेडसेट एवढंच असेल तर यूएसबी २.० ची साधी ए-बी केबल (एका टोकाला नेहमीची चपटी पिन, दुसऱ्याला प्रिंटरला असते तशी चौकोनी) पुरते. हबच्या मागे बी पोर्ट आहे ना, हे आधी पाहा. काही स्वस्त हबची केबल जन्मजात चिकटलेली असते आणि मग एक्स्टेन्शन लावावं लागतं, म्हणजे पुन्हा जोड आला.

५ मीटरच्या पुढे अ‍ॅक्टिव्ह एक्स्टेन्शन. तिच्या टोकाला जो जाडसर गठ्ठा असतो तो खरं तर एका पोर्टचा हबच. यूएसबीत एकामागोमाग जास्तीत जास्त पाच हब चालतात, आणि टेबलावरचा हब त्यात मोजला जातो. काही हबच्या पोटात दोन हब असतात, सात पोर्टवाल्यांत तर सर्रास, त्यामुळे घरी दोन अ‍ॅक्टिव्ह एक्स्टेन्शनच्या पुढे जाऊ नका. १० मीटरच्या अ‍ॅक्टिव्ह केबलला बाजूला वीज द्यायची छोटी खोबण असेल तर तिचा वापर करा.

वेबकॅम आणि साउंड कार्डबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. पेन ड्राइव्ह किंवा प्रिंटरकडे जाणारा डेटा वाटेत बिघडला तर तो पुन्हा पाठवला जातो, फक्त वेळ जास्त लागतो. वेबकॅमचं चित्र आणि साउंड कार्डचा आवाज ज्या पद्धतीने जातो त्यात परत पाठवणं नसतंच. बिघडलं ते गेलं. म्हणून खराब केबलवर फाइल व्यवस्थित कॉपी होते आणि वेबकॅममध्ये मात्र हिरवे पट्टे येतात. लोक वेबकॅम बदलतात. केबल बदला.

वायरलेस माउसचा डोंगल, म्हणजे यूएसबीत लागणारा छोटा रिसीव्हर, सीपीयूमागे ठेवू नका. यूएसबी ३.० चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो, डोंगल तिथेच बोलतो, आणि इंटेलनेही २०१२ मध्ये हे मोजून मांडलं होतं. मधे भिंत असेल तर माउस अडखळणारच. डोंगल टेबलाखाली यूएसबी २.० पोर्टवर, माउसपासून हातभर अंतरात ठेवा.

यूएसबी-सी पोर्टवाल्यांनी विशेष जपावं. सी-टू-सी एक्स्टेन्शन यूएसबीच्या नियमांत बसत नाही. ४० गिगाबिटची साधी केबल ०.८ मीटरलाच संपते, २ मीटरला अ‍ॅक्टिव्ह लागते. आणि मोबाइलच्या चार्जरसोबत आलेली सी केबल कितीही जाड असली तरी तिच्यातून बहुधा चित्र जात नाही, कारण आत त्या तारा घातलेल्याच नसतात. लॅपटॉप असेल तर लॅपटॉप आणि डॉक (सी पोर्टला लावून मॉनिटर, यूएसबी वगैरे पोर्ट देणारा डबा) जवळजवळ ठेवा आणि पुढची लांबी एचडीएमआयवर काढा.

हेडफोनच्या ३.५ मिमी वायरला एक्स्टेन्शन घेताना पिनवरच्या काळ्या रिंगा मोजा. माइक असलेल्या हेडसेटला तीन रिंगा असतात. दोन रिंगांचं एक्स्टेन्शन लावलं की ऐकू येतं, पण तुमचं बोलणं पलीकडे पोचत नाही. त्यापेक्षा हबला यूएसबी साउंड कार्ड लावणं सोपं.

भिंत आणि पाइप

भोक पाडण्याआधी स्विचबोर्ड कुठे आहे ते पाहा. कन्सील्ड वायर बहुधा बोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली जातात, त्या पट्ट्यात ड्रिल लावू नका. नव्या टॉवरपैकी काहींत सगळ्या भिंती काँक्रीटच्या असतात. तिथे भोक म्हणजे सळईवर घाव, आणि सोसायटीची परवानगीही लागते. पेठांतल्या जुन्या वाड्यांत भिंत जाडजूड, आत माती आणि लाकूड असतं. ड्रिल फिरताच माती ढासळत राहते. या दोन्ही ठिकाणी दाराच्या चौकटीवरून पीव्हीसीची केसिंग पट्टी नेणं शहाणपणाचं.

विटांच्या किंवा ब्लॉकच्या आतल्या भिंतीत ३२ मिमीचा पाइप बसेल इतकं भोक घ्या. २५ मिमीच्या पाइपातून एचडीएमआयचं डोकं सरळ जागी कसंबसं जातं, वळणावर हमखास अडकतं. काटकोनी एल्बो वापरू नका, लांब वळणाचा बेंड घ्या. एकेक केबल स्वतंत्र ओढा, आधी जाड डोक्याची. डोक्याला प्लास्टिकची टोपी घाला, वरून चिकटपट्टी गुंडाळून टोक निमुळतं करा, आणि ओढणारी दोरी केबलच्या अंगाला बांधा, डोक्याला नाही. ओढताना दुसऱ्याने पलीकडून केबल हाताने सोडत राहावी. शेवटी एक मोकळी नायलॉनची दोरी पाइपातच ठेवून द्या. पुढच्या केबलच्या वेळी तिचा उपयोग होतो.

२३० व्होल्टची वायर त्याच पाइपात किंवा पट्टीत घालू नका. समांतर जावंच लागलं तर फूटभर अंतर ठेवा, आडवं ओलांडायचं तर काटकोनात ओलांडा. पट्टीचं तोंड उघडं राहिलं तर उंदीर शिरतात. फटी सिलिकॉनने किंवा फोमने बुजवा.

टेबलामागे केबल मॉनिटरच्या स्टँडला पोर्टपासून दहा-पंधरा सेंटिमीटरवर वेल्क्रोने बांधा. एचडीएमआयला खिट्टी नसते, लोंबणाऱ्या केबलचं वजन पोर्टवर येतं आणि सहा महिन्यांत पोर्ट ढिला होतो. डिस्प्लेपोर्टला बहुधा खिट्टी असते, ती दाबल्याशिवाय ओढू नका. प्लास्टिकचे टाय करकचून आवळले की केबलची गोलाई चेपते, आणि चेपलेल्या जागी सिग्नल परततो.

वीज, अर्थिंग आणि पॉवर बटण

मॉनिटरची पॉवर केबल तीन पिनांची ३ मीटरची तयार मिळते. मधे कापून टेप मारू नका. मॉनिटर बाहेरच्या चार्जरवर चालत असेल तर चार्जरच्या आधीची, म्हणजे २३० व्होल्टची बाजू लांबवा. नंतरची बाजू लांबवली की व्होल्टेज पडतं.

सीपीयू एका खोलीतल्या सॉकेटवर आणि मॉनिटर दुसऱ्या खोलीतल्या, अशी वेळ आली तर दोन्हीकडचं अर्थिंग तपासून घ्या. एका सॉकेटचं अर्थिंग तुटलेलं असेल तर ती गळती एचडीएमआयच्या जाळीतून, म्हणजे तारांभोवतीच्या धातूच्या वेष्टणातून वाहते. स्पीकरमध्ये गुंजन येतं, केबल लावताना ठिणगी उडते, आणि वाईट दिवशी पोर्ट जळतो. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ हे दोन्ही आकडे जवळपास सारखे, २३० च्या आसपास यायला हवेत, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तिथे दहा-वीस दिसले तर आधी इलेक्ट्रिशियन. मल्टिमीटर हाताळायची सवय नसेल तर हे मापही त्यांच्याकडूनच करून घ्या. ऑप्टिकल केबल घेतली म्हणून हा प्रश्न सुटला असं धरू नका, बहुतेक ऑप्टिकल एचडीएमआयमध्ये बारीक तांब्याच्या तारा असतातच. सगळ्यात बरं म्हणजे सीपीयू, मॉनिटर आणि हब एकाच यूपीएसवर. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा, घरगुती कामाला पुरतो. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

सीपीयू आत गेला की पॉवर बटणही आत जातं. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, ‘पॉवर ऑन बाय कीबोर्ड’ चालू करा आणि ‘ईआरपी’ हा वीजबचतीचा पर्याय बंद करा, नाहीतर कॉम्प्युटर बंद असताना यूएसबीला वीजच मिळत नाही. कीबोर्ड हबमधून असेल तर काही मदरबोर्ड दाद देत नाहीत. मग टेबलावर ठेवायचं लांब वायरचं पॉवर बटण मिळतं, त्याच्या दोन पिना मदरबोर्डवरच्या पॉवर स्विचच्या पिनांवर बसतात. सरळ-उलट कशाही चालतात.

भिंतीत घालण्याआधी जमिनीवर

सगळ्या केबल आधी जमिनीवर पसरून, खऱ्या लांबीवर, खऱ्या रेझोल्यूशनला तासभर चालवा. डिस्प्ले सेटिंगमध्ये हर्ट्झचा आकडा वाचा. चार-पाच जीबीची फाइल कॉपी करा, वेबकॅम अर्धा तास चालू ठेवा, कॉम्प्युटर स्लीपमध्ये घालून पाच वेळा उठवा. मग खोलीतला पंखा आणि ट्यूबलाइट दहा-दहा वेळा चालू-बंद करा, मिक्सर फिरवा. बटण दाबताच पडदा क्षणभर काळा झाला तर केबलची जाळी हलक्या प्रतीची आहे. दुकानात परत न्यायची वेळ हीच.

पडद्यावर पांढरे किंवा रंगीत ठिपके चमकून गेले तर एचडीएमआय मर्यादेच्या काठावर आहे: ६० वरून ३० हर्ट्झवर आणून पाहा, ठिपके गेले तर लांबीचाच दोष. डिस्प्लेपोर्ट ठिपके क्वचित दाखवतो. तो मुकाट्याने वेग कमी करतो आणि तुमचं नेहमीचं रेझोल्यूशन यादीतून नाहीसं होतं. पडदा १०२४ बाय ७६८ वरच अडकला तर मॉनिटरची माहिती वाचणारी बारीक तार तुटली आहे किंवा अडॅप्टर ती वाट अडवतो आहे. सगळं ठीक दिसतं पण अक्षरांच्या कडा लालसर-निळसर वाटतात, तेव्हा रंगांची माहिती कमी केली गेलेली असते. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये ४:४:४ किंवा आरजीबी, म्हणजे रंगांची पूर्ण माहिती पाठवणारा पर्याय निवडा. त्यावर चित्र गेलं तर केबल आखूड करा किंवा ऑप्टिकल घ्या.

हे सगळं पार पडलं की दोन्ही टोकांना कागदी पट्टी चिकटवून केबलचं नाव, लांबी आणि बसवल्याची तारीख लिहा, वरून पारदर्शक टेप लावा, आणि मगच पट्टीचं झाकण दाबा.